पगार चालू, भूमिका बंद

बॉथेल (अमेरिका), १४ सप्टेंबर २०२५

बाबा,

फोन तुम्ही घेत नाही, म्हणून पत्र लिहितेय. आई म्हणाली, "पाठव तू. फाडणार नाहीत, फाडायचाही त्यांना कंटाळा आहे." तेवढ्या भरवशावर बसलेय लिहायला.

आम्ही मजेत आहोत. प्रथमेशचं काम चालू आहे. केया दुसरीत गेली. मराठी समजते तिला, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तुमचा फोटो दाखवला तर म्हणाली, "ही लुक्स अँग्री." मी म्हटलं, नाही गं, त्यांचा चेहराच तसा आहे.

एक गंमत सांगायची होती. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक जर्मन बाई राहतात. आनेग्रेट त्यांचं नाव. वय सत्त्याऐंशी. मुलगी उल्रिके औषधांच्या कंपनीत संशोधन करते, तिच्याकडे असतात. ओळख झाली ती आमच्या गाडीत. म्हणजे मी गाडीत बसले होते आणि त्या बाहेर होत्या.

गाडी पार्किंगमध्ये उभी होती, काचा वर. मी तुम्ही बसवलेल्या आपल्या शेवटच्या नाटकातलं न्यायालयातलं स्वगत म्हणत होते. घरात म्हणता येत नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसाने ऑफिसात तक्रार केली होती की वर एक बाई दुपारी ओरडत असते. आम्हाला ईमेल आला. प्रथमेशला फार लाजल्यासारखं झालं. म्हणून गाडी. ऐन रंगात आले आणि काचेवर काठीची टकटक झाली. बघते तर निळा रेनकोट घातलेली एक म्हातारी. काच खाली केली.

"तुला कोणी कोंडलंय का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही, मी सराव करतेय. नाटकाचा."

"ते दिसलं मला. बाहेरून ऐकू येत नाही, पण तोंड दिसतं. वाक्याच्या शेवटी तू श्वास सोडून देतेस. शेवटचे दोन शब्द पडतात. कोणी शिकवलं तुला?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी."

"मग ते तू विसरली आहेस," त्या म्हणाल्या. "कारण बाकी सगळं ज्याने शिकवलं, तो माणूस हे शिकवल्याशिवाय राहणार नाही."

बाबा, तुम्हाला न बघता, न ऐकता त्यांनी तुमची बाजू घेतली. मला रागही आला आणि रडूही. मग त्या दुसऱ्या बाजूने येऊन, दार उघडून सरळ शेजारच्या सीटवर बसल्या. म्हणाल्या, "पुन्हा म्हण. तुझ्याच भाषेत. अर्थ मला सांगू नकोस, तो मला दिसायला हवा."

आता त्या आठवड्यातून दोनदा येतात. तुम्हाला आवडल्या असत्या. उत्तराची अपेक्षा नाही. पण वाचलंत तर आईला तसं सांगा, ती मला कळवेल.

शरयू


बॉथेल, ५ ऑक्टोबर २०२५

बाबा,

आईने सांगितलं की पत्र तुम्ही वाचलंत, आणि चष्मा पुसत एवढंच म्हणालात, "शेवटचे शब्द पडतात हे मी हजारदा सांगितलं होतं." म्हणजे नऊ वर्षांनी तुम्ही माझ्याबद्दल एक वाक्य बोललात. ते आनेग्रेटच्या नावावर जमा करते.

त्यांच्याबद्दल आणखी लिहिते. रंगमंचावरच्या माणसाची गोष्ट ऐकायला तुम्ही नाही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या पूर्व जर्मनीतल्या. समुद्रकाठच्या एका गावात सरकारी थिएटर होतं. गावाचं नाव त्यांनी चार वेळा सांगितलं, मला लिहिता येत नाही. शाळा संपल्या संपल्या त्या तिथे लागल्या. आधी हातात ट्रे घेऊन येणारी मोलकरीण, मग नायिकेची मैत्रीण, मग नायिका. आपल्याकडे नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात तसं नाही तिथे. नट हीच नोकरी. दरमहा पगार, सकाळी तालीम, संध्याकाळी प्रयोग. मी म्हटलं, हा तर स्वर्गच. त्या म्हणाल्या, "स्वर्गाला कुंपण होतं."

मग सिनेमे. दुसऱ्या सिनेमात त्या बंदरावर क्रेन चालवणारी बाई झाल्या होत्या. तो इतका चालला की रस्त्यात लोक "क्रेनवाली" म्हणून हाक मारायचे. खऱ्याखुऱ्या क्रेनवाल्या बायका थिएटरच्या मागच्या दाराशी फुलं घेऊन यायच्या. हे सांगताना त्या एकदम तरुण दिसतात. हात वर करतात, मुठीत दांडा धरल्यासारखा, आणि आमच्या हॉलमधला दिवा खरोखर वर उचलला जातोय असं वाटतं. केया तर खाली सरकून बसली, दिवा डोक्यावर पडेल म्हणून.

तिसरा सिनेमा पुरा झाला, पण सरकारने तो लागू दिला नाही. त्याच सुमाराला थिएटर दौऱ्यावर स्वीडनला गेलं आणि त्यांच्याबरोबर कामं करणारा एक नट, योआखिम, परत आलाच नाही. पळाला. मंडळी घरी आल्यावर सभा झाली. एकेकाने उठायचं आणि त्याच्याविरुद्ध दोन शब्द बोलायचे. सगळे बोलले. आनेग्रेट उठल्या आणि म्हणाल्या, "तो चांगला नट आहे. मला एवढंच माहीत आहे." आणि खाली बसल्या.

तुरुंग नाही, मारहाण नाही, काही नाही. नोकरीवरूनसुद्धा काढलं नाही. फक्त फलकावर नव्या नाटकाची भूमिकायादी लागली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या नाटकातही नव्हतं. पगार मात्र पहिल्या तारखेला यायचा. रोज हजर राहायचं, कँटीनमध्ये बसायचं, कॉफी प्यायची, घरी जायचं. पस्तिशीत सुरू झालं ते पन्नाशी उलटेपर्यंत. बाईच्या अभिनयाची सगळी मधली वर्षं, बाबा. मी विचारलं, "सोडून का नाही गेलात?" म्हणाल्या, "कुठे? गावाला एकच थिएटर आणि देशाला एकच मालक."

हे ऐकताना मी उठून ओट्यापाशी गेले, काहीतरी काम काढून. छान घर आहे माझं, बाबा. भांडी धुवायचं मशीन आहे. मागे झाडं आहेत. गेल्या पत्रात मी मजेत आहे असं लिहिलं होतं ना. मागच्या वर्षापर्यंत मी एका पाळणाघरात नोकरी करत होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला कामाचं कार्ड वेगळं मागावं लागतं. माझं संपलं, नवीन अजून आलं नाही, आणि कार्ड नाही तर काम नाही. तेव्हापासून घरीच. हे आईलाही सांगितलेलं नाही.

कँटीनमध्ये बसून बसून वेड लागेल म्हणून आनेग्रेट थिएटरात नव्याने आलेल्या पोरापोरींचे उच्चार सुधारू लागल्या. तळघरात, बॉयलरच्या खोलीत, कारण तिथे ऊब असायची. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी अडवलंही नाही, कारण त्या मुलांची बोली इतकी गावठी होती की दिग्दर्शकांनाच सोय झाली. "मी शिक्षिका व्हायचं ठरवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला बोलायला कोणीतरी समोर हवं होतं."

बर्लिनची भिंत पडल्यावर तो तिसरा सिनेमा डब्यातून बाहेर निघाला. एका छोट्या थिएटरात दाखवला. हॉल अर्धा रिकामा. पडद्यावर त्या पस्तिशीच्या आणि खुर्चीत बावन्नच्या. मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाल्या, "चांगली होते गं मी." बस, एवढंच.

शरयू


बॉथेल, २ नोव्हेंबर २०२५

बाबा,

या वेळी आईमार्फत काही आलं नाही. ठीक आहे. तुमची पत्र वाचायची वेळ दुपारची, हे मला माहीत आहे. लिहीत राहते.

इथे अंधार लवकर पडायला लागलाय. पाऊस म्हणावा तर नाही, नुसती ओल. केयाला शाळेतून आणते, मग आम्ही दोघी उल्रिकेच्या घरी जातो, कारण रस्ते निसरडे झाल्यापासून आनेग्रेटना एकटीने बाहेर पडायची बंदी आहे. काही वर्षांपूर्वी पडून खुबा मोडला होता, तेव्हापासून उल्रिके घाबरलेली असते. दाराला कॅमेरा लावलाय. आनेग्रेट दाराबाहेर पडल्या की मुलीच्या फोनवर घंटी वाजते. "आमच्याकडे माझ्यावर पाळत ठेवायला एक माणूस नेमला होता," आनेग्रेट म्हणाल्या. "गरीब बिचारा पावसात भिजायचा. उल्रिके ऑफिसात बसून करते. प्रगती आहे." उल्रिके तिथेच होती. ती हसली नाही. तिचंही मला समजतं.

त्यांनी माझ्यासाठी एक काम आणलं. भिंत पडल्यावर त्या पश्चिमेकडच्या एका नाट्यशाळेत शिकवत होत्या, इथे आल्यावरही कम्युनिटी सेंटरमध्ये वर्ग घ्यायच्या. तिथली त्यांची एक विद्यार्थिनी आता लहान मुलांचं नाट्यकेंद्र चालवते. केट तिचं नाव. आनेग्रेटनी तिला घरी बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला ऐक."

मी तुमच्या नाटकातलं ते स्वगत म्हटलं. मराठीत. पूर्ण. शेवटचे शब्द धरून. संपल्यावर केटने फोनमध्ये वेळापत्रक उघडलं. मग म्हणाली, "शुक्रवारचा वर्ग तुमचा. जानेवारीपासून. पैसे फार नाहीत."

बाबा, नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी नाटकासाठी बोलावलं. आणि मी काय म्हणाले असेन? "माझ्याकडे कार्ड नाही."

"मग फुकट शिकव तोवर," आनेग्रेट म्हणाल्या. ते जमत नाही. जिथे बाकीच्यांना पैसे मिळतात तिथे मी फुकट काम केलं तरी ते कामच धरतात, आणि नियम मोडला तर प्रथमेशपर्यंत जातं. केट म्हणाली, डिसेंबर संपेपर्यंत थांबते.

संध्याकाळी प्रथमेशला सांगितलं. तो लॅपटॉपसमोर होता. त्यांच्या टीममधली निम्मी माणसं गेल्या महिन्यात काढली. "अगं, येईल कार्ड. धीर धर ना."

"नऊ वर्षं तेच करतेय."

त्याने लॅपटॉप मिटला. "आणि मी काय करतोय? मॅनेजर तोंडावर अपमान करतो आणि मी ‘शुअर, नो प्रॉब्लेम’ म्हणतो. जॉब सोडला तर तुम्हा दोघींना घेऊन सामान बांधायचं. यार शरयू, मी पण आत आहे. तुझ्याबरोबरच."

तो वाईट नाही, बाबा. त्याला भेटला असतात तर तुम्हालाही कळलं असतं. लग्नात तुम्ही अक्षता टाकल्यात आणि जेवायच्या आधी निघून गेलात.

शरयू


बॉथेल, २३ नोव्हेंबर २०२५

बाबा,

हे पत्र मी फोटो काढून आईच्या फोनवर पाठवतेय. आई तुम्हाला वाचून दाखवेल. आई, जिथे मी रडगाणं गाईन तिथे गाळ.

परवा आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं. तुम्ही सकाळी चहाचा कप उचलायला गेलात आणि हात उचलला गेला नाही. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका टळलाय, समजतंय सगळं. पण बोलणं गेलं. तोंडातून नुसता आवाज येतो आणि त्याचा शब्द होत नाही.

तुमचा आवाज, बाबा. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

काल व्हिडिओवर आईने फोन तुमच्या समोर धरला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान भिंतीकडे वळवलीत. आई म्हणाली, "तसं काही नाही गं, त्यांना उजेड सहन होत नाही." मला माहीत आहे ते तसं नाही. तुम्हाला त्या अवस्थेत मी बघायला नको होतं. मी तुमची मुलगी आहे, पण आधी नटी आहे ना तुमच्यासाठी. नटीसमोर तोंड वाकडं झालेलं तुम्हाला चालणार नाही.

केया मागून विचारत होती, "आजोबा कान्ट टॉक? लाइक, ॲट ऑल?"

आणि आज शनिवारचं टपाल बघायला खाली गेले, तर पाकीट. कार्ड आलं, बाबा. माझं नाव, माझा फोटो, आणि खाली लिहिलंय की हिला काम करता येईल. पार्किंगमध्ये उभी राहून मी ते कितीदा तरी उलटंसुलटं केलं. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? तुम्ही तिकडे नागपूरला असे पडलेले आणि मला आनंद झाला.

वकिलाला विचारलं. जायला कोणी अडवत नाही. पण परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, त्यासाठी मुंबईत मुलाखत, आणि मुलाखतीच्या तारखा मिळत नाहीत. मिळाल्या तरी पुढे ढकलल्या जातात. आमच्या ओळखीतल्या एक बाई आईच्या तेराव्याला गेल्या, त्या अजून तिकडेच आहेत. वकील म्हणाले, "माझा सल्ला, शक्य असेल तर प्रवास टाळा." सगळ्यांना ते हेच सांगत असणार.

तर असं आहे. थांबले तर जानेवारीत मुलांचा वर्ग, माझा. नाटक सोडलं म्हणून तुम्ही मला सोडलंत, ते नाटक हातात. आले तर तुम्ही. पण ते पुन्हा सुटतं, आणि प्रथमेश इकडे, मी तिकडे, केव्हापर्यंत ते कोणालाच सांगता येत नाही.

कुणाला विचारू? असल्या वेळी मी तुम्हालाच विचारायचे. तुम्ही चटकन सांगायचात, आणि मी वैतागून नेमकं तेच करायचे.

शरयू


बॉथेल, ७ डिसेंबर २०२५

बाबा,

आईने कळवलं, स्पीच थेरपीवाल्या मुलीला तुम्ही दोनदा परत पाठवलंत. तिसऱ्यांदा डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलंत. ते सोंग तिला खरं वाटलं, आईला नाही.

आनेग्रेटकडे गेले होते. सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं आणि स्वतःची एक गोष्ट सांगितली.

त्यांची आई पश्चिमेला होती, हॅम्बुर्गला. ती मरणाला टेकली तेव्हा आनेग्रेटना जायची परवानगी मिळाली. फक्त त्यांना. उल्रिके नऊ वर्षांची होती, तिने मागे राहायचं, ओलीस म्हणून. "पण मला वेगळीच भीती वाटली," त्या म्हणाल्या. "त्यांना मी नकोशीच झाले होते. मी गेले की मागून दार लावून घेतील आणि म्हणतील, तिकडेच राहा. मुलगी आत, मी बाहेर. म्हणून मी गेले नाही. आई त्याच आठवड्यात गेली. ज्या दिवशी तार आली, त्या दिवशीसुद्धा मी कँटीनमध्ये कॉफी प्यायले."

"मग तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत का?" मी विचारलं. मला, बाबा, त्यांच्या तोंडून ‘हो’ ऐकायचं होतं. म्हणजे मलाही थांबता आलं असतं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या मी खोटा अभिनय केल्यावर बघतात.

"तुझ्या मुलीला कोणी अडवून ठेवलंय?"

"नाही. तिचा पासपोर्ट अमेरिकन आहे. ती कुठेही जाऊ शकते, केव्हाही येऊ शकते."

"तुझे वडील जिवंत आहेत?"

"हो."

"मग माझी गोष्ट तुझ्या कामाची नाही. दुसरी भूमिका शोध. ही माझी आहे, आणि मला ती फार महाग पडलीय."

घरी येऊन प्रथमेशला म्हटलं, "मी आणि केया जातो." तो सिंकपाशी उभा होता. नळ बंद केला.

"परत येता आलं नाही तर?"

"तर तू ये."

"मी आलो तर जॉब जातो."

"माहीत आहे."

"म्हणजे आपण..." मग ओल्या हातानेच केयाच्या शाळेला ईमेल लिहायला बसला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाला, "नागपूरला जानेवारीत थंडी असते ना? हिचं जाकीट टाक बॅगेत." त्याचे डोळे लाल होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

केटला फोन केला. ती म्हणाली, वर्ग रिकामा ठेवता येणार नाही, दुसरं कोणीतरी बघावं लागेल. मी समजू शकते, म्हटलं. थोड्याच वेळात आनेग्रेटचा फोन; केटने त्यांना कळवलं होतं. "मी घेते वर्ग, तू येईपर्यंत."

उल्रिकेने कडाडून विरोध केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मी समोरच होते. "आई, तू सत्त्याऐंशी वर्षांची आहेस!"

"बरोबर. म्हणून लवकर सुरू करायला हवं."

"तिथे कोण बघणार तुझ्याकडे?"

"खोलीभर मुलं बघतील," आनेग्रेट म्हणाल्या. "त्याच्यासाठीच जायचं असतं."

उल्रिके बाल्कनीत निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात गाडीची किल्ली होती. म्हणाली, "सोडायला आणि आणायला मी येणार. आणि मागे बसून राहणार." आनेग्रेटनी ते लगेच कबूल केलं. मला वाटतं, त्यांना मागच्या रांगेत कोणीतरी हवंच होतं.

त्यांनी मला रोज तासभर बसवून घेतलं आणि तळघरात पोरांना शिकवायच्या ते सगळं शिकवलं. जीभ कुठे लावायची, ओठ कसे ढिले सोडायचे, श्वास कमरेपासून कसा आणायचा. म्हणाल्या, आजारातून उठलेल्या एका म्हाताऱ्या नटाला त्यांनी असंच परत उभं केलं होतं. सगळं आलं नाही परत. पण बोलला.

बाबा, मी शुक्रवारी निघते. केया बरोबर आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही, कारण तारीख कोणती टाकायची तेच माहीत नाही. मला भीती वाटते. विमानात बसले की हे दार माझ्या मागे लागेल, पुन्हा कधी उघडेल कोणी सांगू शकत नाही, आणि तुमच्या खोलीचं दार तुम्ही आधीच लावलेलं आहे. मधल्या मधे मी.

तुम्ही चिडणार आहात. हातात आलेलं काम टाकून ही बया पुन्हा निघाली, असं तुमच्या मनात येणार. येऊ दे. पण या वेळी तुम्हाला अबोला धरता येणार नाही. तो ज्याला बोलता येतं त्याचा असतो. तुम्हाला रागवायचं असेल तर आधी तोंड उघडावं लागेल, आणि थेरपीवाल्या मुलीसारखी मी परत जाणार नाही. तुम्ही भिंतीकडे वळलात तर मी भिंतीच्या बाजूला खुर्ची टाकेन.

आई, दार तूच उघड. बाबा, तुम्ही आतून मला शिव्या द्या. पहिल्या दिवशी एकही कळणार नाही. बसू आपण. एक जरी मला स्पष्ट ऐकू आली, तर मी आले ते वाया गेलं नाही.

तुमची
शरयू